हिवाळी रेपसीडवरचे वुडपिजन : इंग्लंडमधील शेतराखणीची पायरीपायरीने पद्धत

इंग्लंडमध्ये ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरलेले ऑइलसीड रेप, म्हणजे मोहरीच्या कुळातले गळिताचे पीक, सगळा हिवाळा पानांच्या झुबक्याच्या अवस्थेत जमिनीलगत बसून काढते. जंगलातली ओकची आणि बीचची फळे डिसेंबरपर्यंत संपतात, कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य नांगराखाली जाते, आणि मग वुडपिजन या मोठ्या रानकबुतरांचे थवे या हिरव्या पानांवर उतरू लागतात. त्यांना आवरण्यासाठी शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, घेऊन जाणारे बहुतेक जण उन्हाळ्यात वाटाण्याच्या किंवा कापलेल्या गव्हाच्या शेतात जमलेली पद्धत तशीच्या तशी इथे वापरतात आणि दिवसभर थंडीत बसून रिकाम्या हाताने परततात. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि रीतसर परवाना घेऊन शेजारच्या शेतकऱ्याला मदत करू लागलेल्या मराठी मंडळींकडूनही त्याच चुका होतात. म्हणून ही कार्यपद्धती तिच्या योग्य क्रमाने मांडली आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. हे काम शिकारीपेक्षा राखणीच्या जवळचे आहे. माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार किती पाखरे पडली हे मोजत नाही. पाखरे आपल्या शेतातून उठून शेवटी कुठे जातात, याकडे त्याचे लक्ष असते. हिवाळी रेपसीडवर यश मिळते ते याच नजरेने.

हा लेख फक्त इंग्लंडपुरता आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परिस्थिती सर्वस्वी वेगळी असल्याने यातली बंदुकीची कोणतीही पायरी तिकडे लागू करू नये.

१. बंदूक उचलण्यापूर्वीची कागदपत्रे

इंग्लंडमध्ये सर्व रानपक्ष्यांना वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट १९८१ अन्वये संरक्षण आहे. वुडपिजन याला अपवाद नाही. पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी त्यांना मारण्याची मुभा सर्वसाधारण परवान्यातून (जनरल लायसन्स) मिळते आणि त्याचा क्रमांक जीएल ४२ असा आहे. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, परंतु त्यातल्या अटी प्रत्येकावर बंधनकारक असतात आणि त्या वाचल्या नव्हत्या ही सबब चालत नाही. जुन्या लेखांत जीएल ०४ चा उल्लेख आढळला तर तो लेख बाजूला ठेवावा, कारण तो परवाना एप्रिल २०१९ मध्ये रद्द झाला. स्कॉटलंड आणि वेल्स यांचे परवाने वेगळे आहेत. सीमेजवळच्या शेतांत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. (याच जीएल ४२ च्या यादीत आपल्या ज्वारी-सूर्यफुलाच्या कणसांवर तुटून पडणारा तांबड्या चोचीचा पोपटही आहे, हे वाचून मराठी शेतकऱ्याला नवल वाटू नये.)

या परवान्याची सर्वांत दुर्लक्षित अट अशी की, बंदुकीखेरीज इतर कायदेशीर उपायांनी नुकसान टाळण्याचा वाजवी प्रयत्न आधी झालेला असला पाहिजे आणि तो पुढेही चालू राहिला पाहिजे. म्हणून शेतकऱ्याने गॅस गन (गॅसच्या स्फोटाने मोठा आवाज करून पाखरे उठवणारे यंत्र), पतंग, बुजगावणी किंवा झेंडे कधी लावले, किती दिवसांनी हलवले आणि त्यांचा किती उपयोग झाला, याची साधी वही ठेवावी. छायाचित्रे काढून ठेवणे याहून उत्तम.

बंदुकीसाठी पोलिसांकडून मिळणारे शॉटगन सर्टिफिकेट लागते आणि ते पाच वर्षांसाठी असते. भारतातून पाहुणा म्हणून आलेल्या नातेवाइकाच्या हाती सहज बंदूक देता येत नाही. त्याच्यासाठी येथील पुरस्कर्त्यामार्फत पाहुण्यांचा परवाना काढण्याची तरतूद आहे आणि तो अर्ज बराच आधी करावा लागतो.

जमिनीच्या मालकाची किंवा कसणाऱ्याची परवानगी लेखी घ्यावी. तीत शेतांची नावे, कोणत्या हद्दीपर्यंत जायचे, गाडी कुठे उभी करायची आणि कोणत्या दिवशी शेतात फवारणीची यंत्रे असतील, एवढे स्पष्ट असावे. तृतीय पक्षाच्या नुकसानभरपाईचा विमा नसेल तर शेतात पाऊल टाकू नये. ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्वेशन यासारख्या संघटनेच्या सदस्यत्वासोबत असा विमा मिळतो.

*तपासणी : चालू वर्षाचा जीएल ४२ वाचला का? ते शेत एखाद्या संरक्षित निसर्गक्षेत्रात किंवा त्याच्या लगत आहे का? असल्यास तेथील अटी वेगळ्या असू शकतात. सर्टिफिकेट, लेखी परवानगी आणि विम्याचा कागद सोबत आहे का?*

२. नुकसान कबुतरांचेच आहे, आणि ते गंभीर आहे, याची खात्री

कुरतडलेले प्रत्येक पान कबुतराने खाल्लेले नसते. वुडपिजन पानाचा मऊ भाग ओढून फाडतो आणि मधली जाड शीर तशीच उभी सोडतो. अशा काड्यांसारख्या उरलेल्या शिरा आणि आजूबाजूला पडलेली हिरवट विष्ठा ही त्याची खूण आहे. गोगलगायींनी पानाला भोके पडतात. सशांचे नुकसान शेताच्या कडेने पट्ट्यासारखे दिसते आणि पान कात्रीने कापल्यासारखे तुटलेले असते.

दुसरा प्रश्न गांभीर्याचा. दाट, जोमदार रेपसीडची काही पाने गेली तरी ते वसंतात भरून काढते. धोका असतो तो उशिरा उगवलेल्या, पिसवा भुंगेऱ्यांनी आधीच विरळ केलेल्या किंवा पाण्याने दबलेल्या भागांना. तिथे कबुतरे पानांवर न थांबता वाढीचा शेंडाच खातात, झाड बाजूच्या फांद्या काढते, फुलोरा मागेपुढे येतो आणि कापणीच्या वेळी अर्धे शेत वाळलेले तर अर्धे हिरवे अशी स्थिती होते.

यासाठी एक स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. डिसेंबरच्या आरंभी तारेच्या जाळीचे, साधारण एक मीटर लांबी-रुंदीचे दोन-तीन पिंजरे शेताच्या वेगवेगळ्या भागांत पिकावर ठेवावेत. तीन आठवड्यांनी पिंजऱ्याच्या आतले आणि बाहेरचे पीक शेजारी शेजारी दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. नुकसान किती आहे हे शेतकऱ्याला कळते, परवान्याच्या दृष्टीने पुरावा तयार होतो, आणि पुढे आपल्या मेहनतीचा परिणाम मोजायलाही हेच पिंजरे कामाला येतात.

३. पक्ष्याची ओळख

प्रौढ वुडपिजनच्या मानेवर पांढरा पट्टा असतो आणि उडताना पंखांवर ठळक पांढरी आडवी रेघ दिसते. त्या वर्षीच्या पिल्लांना मानेचा पट्टा नसतो, परंतु पंखांवरची रेघ असते. म्हणून उडत्या पक्ष्यात नेहमी पंखच पाहावा. त्याच थव्यात मिसळून चरणारा स्टॉक डव्ह आकाराने लहान आणि एकसारखा राखाडी असतो, त्याच्या मानेवर किंवा पंखांवर पांढरे काहीही नसते आणि त्याचे पंख भराभर हलतात. तो जीएल ४२ मध्ये येत नाही. शर्यतीची पाळीव कबुतरे ही कोणाची तरी मालमत्ता असते.

*सावधान : पांढरी रेघ दिसली नाही, तर बार नाही. ढगाळ दुपारी प्रकाश मंदावल्यावर हा नियम दुप्पट काटेकोरपणे पाळावा.*

४. पाहणी : दोन दिवस दुर्बीण, मग एक दिवस बंदूक

सर्वाधिक चुका या पायरीत होतात, कारण ती कंटाळवाणी आहे आणि तिच्यात हाती काही लागत नाही. शेतकरी फोनवर सांगतो की वरच्या शेतात हजार कबुतरे बसली आहेत. ऐकणारा दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन वरच्या शेताच्या सर्वांत सोयीच्या कोपऱ्यात, गाडीपासून पन्नास पावलांवर, लपण, म्हणजे लपून बसायचा जाळीचा आडोसा, उभारतो. कबुतरे त्या दिवशी त्याच शेताच्या दुसऱ्या टोकाला, बंदुकीच्या टप्प्यापासून कितीतरी दूर, निवांत चरतात.

उन्हाळ्यात खाद्य ठिकठिकाणी विखुरलेले असते, त्यामुळे कबुतरे दोन-दोन, चार-चार अशी येत राहतात आणि आधी उतरलेल्यांवर विश्वास ठेवून डिकॉयकडे, म्हणजे आमिष म्हणून मांडलेल्या नकली कबुतरांकडे, वळतात. हिवाळ्यात चित्र पालटते. शेकडो पक्षी एकत्र उडतात, एकत्र उतरतात आणि त्यांच्यातला एक बिचकला की सगळे उठतात. पूर्व इंग्लंडमधल्या लिंकनशायर किंवा नॉरफोकमध्ये एकेक शेत खूप मोठे असते, आणि एका टेकडीवरून नजर फिरवली तर तशी चार-पाच शेते दिसतात. म्हणजे थव्याला उतरायला अमर्याद जागा आहे आणि तुमच्या बंदुकीचा टप्पा पस्तीस मीटरांचा आहे. हा हिशेब पाहणीखेरीज जुळत नाही.

पाहणी अशी करावी. डिसेंबर-जानेवारीत इंग्लंडमधला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. त्यातली सकाळची पहिली दोन तास आणि दुपारी बारा ते दोन ही वेळ राखून ठेवावी. गाडी दूर, उंचावर उभी करून आतूनच दुर्बिणीने पाहावे. नकाशाच्या प्रतीवर पुढील गोष्टी खुणांनी नोंदवाव्यात :

पक्षी कोणत्या रानातून, म्हणजे रातथाऱ्यातून, येतात. येताना कोणती खूण धरून उडतात. बहुधा ती एखादी झाडांची रांग, ओढा, दरी किंवा दोन राने जोडणारी कुंपणाची झाडी असते. शेतात उतरण्यापूर्वी कोणत्या झाडावर टेहळणीला बसतात. शेतात नेमके कुठे उतरतात. दाट पिकात पंख मिटायला जागा नसल्याने ते विरळ ठिगळे, उंचवटे आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या निवडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणी उठवले तर कुठे जातात.

ही शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत. एखादा माणूस कुत्रा घेऊन पायवाटेने जातो, थवा उठतो, तेव्हा दुर्बीण खाली ठेवू नये. तो थवा ज्या शेतात जाऊन बसतो तेच पुढच्या पायरीचे उत्तर आहे. वाऱ्याची दिशा प्रत्येक नोंदीसोबत लिहावी, कारण पश्चिमेच्या वाऱ्यात वापरलेली हवाई वाट पूर्वेच्या वाऱ्यात पार बदलते. एकाच वाऱ्यातल्या दोन दिवसांच्या नोंदी जुळल्या तरच जागा ठरवावी.

*तपासणी : नकाशावर रातथारा, हवाई वाट, टेहळणीचे झाड, उतरण्याची जागा आणि पळून जाण्याची शेते या पाचही खुणा आहेत का? एकही कमी असेल तर पाहणी अपुरी आहे.*

५. पळवाटा बंद करणे

आपल्या शेतात उत्तम लपण, उत्तम डिकॉय, अचूक नेम असे सगळे असले तरी शेजारच्या तीन रेपसीडच्या शेतांत शांतता असेल, तर पहिल्या दोन बारांनंतर थवा तिकडे जाऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत परत येत नाही. त्यांना परत येण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे जिथे बंदूक बसणार ते शेत सोडून बाकीच्या सर्व शेतांत कबुतरांना उतरणे अवघड झाले पाहिजे.

शेतकऱ्याशी बोलून गॅस गन, पतंग आणि झेंडे त्या दिवसापुरते इतर शेतांत हलवावेत आणि आपले शेत मात्र आदल्या दिवसापासून शांत ठेवावे. नेहमी याच्या उलट होते : ज्या शेतात नुकसान जास्त तिथेच गॅस गन वाजत असते, आणि बंदूकवालाही तिथेच जाऊन बसतो. शेजारची शेते दुसऱ्या मालकाची असतील तर त्यालाही विचारावे. नुकसान त्याचेही होत असते, आणि नकार क्वचितच मिळतो. गॅस गन वस्तीजवळ लावताना शेजाऱ्यांच्या त्रासाचा विचार करावा आणि ती अंधार पडल्यावर बंद होते याची खात्री करून घ्यावी.

मनुष्यबळ असेल तर याहून चांगला मार्ग म्हणजे दोन-तीन परवानाधारकांनी एकाच दिवशी वेगवेगळ्या शेतांत बसणे. त्यांच्यातले अंतर निदान काही शेतांचे असावे आणि मोबाइलवर संपर्क असावा. एकाने उठवलेला थवा दुसऱ्याकडे जातो, तिथून फुटून तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक फेरीत तो लहान-लहान गटांत विभागला जातो. असे गटच डिकॉयकडे वळतात.

६. लपणाची जागा आणि बांधणी

कबुतरे नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. म्हणून वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल अशी जागा घ्यावी. बाजूचा वारा मला अधिक पसंत आहे : पक्षी समोरून आडवे जातात आणि लपणाकडे सरळ पाहत येत नाहीत. वारा तोंडावर असेल तर पक्षी डोक्यावरून मागून येतात, ऐनवेळी दिसतात आणि वळून नेम धरण्याची धोकादायक सवय लागते.

हिवाळ्यातला सूर्य दिवसभर दक्षिणेकडे खाली राहतो. लपणाचे तोंड दक्षिणेला असेल तर नेमबाजाच्या डोळ्यांवर ऊन येते. उत्तरेला तोंड करून झाडीच्या सावलीत बसणे बरे. मागे कुंपणाची झाडी असावी म्हणजे माणसाची आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसत नाही. मात्र जानेवारीत झाडी निष्पर्ण असते, आणि हिरव्या पानांच्या छापाची जाळी तिथे परक्यासारखी दिसते. या ऋतूत करड्या-तपकिरी छापाची जाळी घ्यावी आणि तिच्यात त्याच जागचे वाळके गवत, काटक्या आणि आयव्हीच्या वेली अडकवाव्यात.

जाळीची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत असावी आणि मागच्या बाजूलाही जाळी असावी. मागची बाजू उघडी ठेवणे ही नित्याची चूक आहे. चेहऱ्यावर जाळीचा बुरखा आणि हातांत मोजे हवेत, कारण वर पाहताच फिकट चेहरा दूरवरून चमकतो, आणि आपला सावळा चेहराही ओल्या थंडीत तितकाच चकाकतो.

पीक आणि जमीन जपणे हाही बांधणीचाच भाग आहे. ओल्या शेतात गाडी नेऊ नये, सामान हाताने न्यावे आणि चालताना चाकोऱ्यांतूनच चालावे. कबुतरांपासून पीक वाचवायला आलेल्या माणसाने पायांनी पीक तुडवले, तर पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही.

*सावधान : सार्वजनिक पायवाटा आणि रस्ते नकाशावर पाहून घ्यावेत. वाहनांच्या सार्वजनिक रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत, वापरणाऱ्यांना धोका किंवा अडथळा होईल असा बार टाकणे हा गुन्हा आहे. लपणाच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून नेमाची मर्यादा आखावी. त्या काठ्यांपलीकडे बंदुकीची नळी कोणत्याही कारणाने जाता कामा नये.*

७. डिकॉयची मांडणी

सामान मांडायला गेल्यावर शेतात थवा बसलेला असेल, तर त्याच्यावर बार टाकण्याचा मोह आवरावा. हळूहळू चालत जाऊन, काहीही आवाज न करता त्याला उठू द्यावे. घाबरून न गेलेले पक्षी तासाभरात लहान गटांनी परत फिरतात. बाराने उठलेला थवा त्या दिवसापुरता गेला असे समजावे.

मांडणीत सर्वांत मोठी चूक उंचीची असते. रेपसीडची पाने डिकॉय झाकून टाकतात आणि वरून उडणाऱ्या पक्ष्याला काहीच दिसत नाही. म्हणून डिकॉय लांब काड्यांवर, पानांच्या थोडे वर राहतील असे रोवावेत आणि शक्यतो मुळात जिथे पक्षी उतरत होते त्याच विरळ ठिगळात मांडावेत. मांडून झाल्यावर शंभर मीटर दूर जाऊन एकदा पाहावे.

संख्येचा प्रश्नही ऋतूनुसार बदलतो. शरदात डझनभर डिकॉय पुरतात. जानेवारीत शेकड्यांनी उडणाऱ्या पक्ष्यांना डझनभर कबुतरे विश्वासार्ह वाटत नाहीत, त्यामुळे तीस-चाळीस असावेत आणि जसजसे पक्षी मिळतील तसतसे मेलेले पक्षी काड्यांवर बसवून त्यांत भर घालावी. सगळे डिकॉय ढोबळमानाने वाऱ्याकडे तोंड करून, पण सैन्याच्या रांगेसारखे नव्हे, विखरून मांडावेत. घोड्याच्या नालासारखा आकार करून त्याची उघडी बाजू वारा जिकडे जातो तिकडे ठेवावी आणि मधली मोकळी जागा लपणापासून वीस-पंचवीस मीटरांवर येईल असे पाहावे, कारण पक्षी त्या मोकळ्या जागेतच उतरायला येतात. सर्वांत लांबचा डिकॉय पावले मोजून पस्तीस मीटरांवर ठेवला की तोच नेमाच्या टप्प्याची खूण होतो : त्यापलीकडच्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही.

जिवंत पक्षी आमिष म्हणून बांधू नयेत. उताणा पडलेला मेलेला पक्षी, उडालेली पांढरी पिसे आणि रक्ताचे डाग येणाऱ्या थव्याला सावध करतात. शांत वेळ मिळताच ते साफ करावेत. प्लास्टिकच्या डिकॉयवर दहिवर किंवा पाणी चढले की ते चमकतात, म्हणून फडके सोबत असावे.

बॅटरीवर फिरणारा मॅग्नेट, म्हणजे दोन दांड्यांवर पक्षी गरगर फिरवणारे यंत्र, उन्हाळ्यात चमत्कार करतो. हिवाळ्यात ज्या पक्ष्यांनी ते आधी पाहिले आहे ते त्याच्यापासून दूर वळतात. पहिले दोन-तीन गट त्याच्याकडे येताना बिचकले तर यंत्र बंद करून झाकून ठेवावे आणि पुन्हा सुरू करू नये. थंडीत बॅटरी लवकर उतरते, हेही ध्यानात घ्यावे. त्याऐवजी टेहळणीच्या निष्पर्ण झाडावर लांब काठीने दोन-तीन डिकॉय चढवणे या दिवसांत अधिक उपयोगी पडते. ते दूरवरून दिसतात आणि पक्ष्यांना ती जागा सुरक्षित वाटते.

हवामानाची निवड थोडक्यात : मध्यम वारा उत्तम, निर्वात दिवस आणि धुके व्यर्थ. हिमवर्षाव झाल्यावर जिथे पाने बर्फाच्या वर डोकावतात तिथे पक्षी एकवटतात आणि नुकसान झपाट्याने होते, म्हणून त्या दिवशी इतर कामे सोडून शेतात जावे.

८. नेमबाजी

काडतुसे २८ ते ३० ग्रॅम छर्ऱ्यांची असावीत. शिशाचे छर्रे वापरत असल्यास ६ किंवा ७ क्रमांकाचा आकार पुरेसा असतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने तीन वर्षांच्या संक्रमणकाळानंतर शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला आहे, त्यामुळे स्टीलच्या छर्ऱ्यांची सवय आतापासून करून घेणे शहाणपणाचे ठरेल. स्टील हलके असल्याने छर्रे दोन आकारांनी मोठे घ्यावे लागतात. जुन्या किंवा घट्ट चोकच्या (नळीचे तोंड जास्त अरुंद असलेल्या) बंदुकीत स्टील वापरण्यापूर्वी ती बंदूक जाणत्या गनस्मिथला दाखवावी.

बार कधी टाकायचा, हा या पिकावरचा खरा निर्णय आहे. एकटादुकटा पक्षी किंवा पाच-सहांचा गट मोकळ्या जागेत उतरायला पंख स्थिर करतो, तेव्हा निवांतपणे एक पक्षी निवडून नेम धरावा. पाचशेंचा थवा टप्प्याच्या काठावरून जात असेल तर त्याच्यावर बार टाकून एखाद-दुसरा पक्षी मिळेल, पण उरलेल्या सर्वांना लपणाची जागा कळेल. असा थवा जाऊ द्यावा. तो शेतात दूरवर उतरून खाऊ लागला, तर मात्र उभे राहून त्याला उठवावे, कारण पिकाच्या दृष्टीने तो खात बसणे हे सर्वांत वाईट.

थव्याच्या मध्यावर, अंदाजाने बार टाकू नये. त्यात पक्षी जखमी होऊन निसटतात, आणि असे करणाऱ्याला मी तरी पुन्हा सोबत नेणार नाही.

एका लपणात दोघे असतील तर एका वेळी एकानेच बंदूक भरलेली ठेवावी. उठताना, बाहेर पडताना आणि कुंपण ओलांडताना बंदूक उघडून रिकामी करावी. बंदूक जाळीला टेकवून ठेवू नये. जाळी घोड्यात अडकते. कानांचे संरक्षण पहिल्या बारापासून असावे.

*सावधान : कुंपणाच्या उंचीच्या खाली उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाकू नये. झाडीपलीकडे कोण चालत आहे, हे आपल्याला दिसत नाही.*

९. पक्षी उचलणे

रेपसीडच्या पानांत पडलेला पक्षी दहा मिनिटांनी सापडत नाही. पडण्याची जागा एखाद्या खुणेशी जोडून लक्षात ठेवावी, जखमी पक्षी दिसल्यास सगळे थांबवून तो ताबडतोब उचलावा आणि त्याची यातना तत्काळ संपवावी. शिकवलेला कुत्रा असेल तर हे काम सुकर होते. दिवसाअखेरीस रिकामी काडतुसे आणि प्लास्टिकचे तुकडे वेचून न्यावेत.

रेपसीड खाल्लेल्या कबुतराच्या गळ्यातली अन्नपिशवी हिरव्या पानांनी गच्च भरलेली असते. ती पाने उबेत आंबतात आणि मांसाला वास लागतो. म्हणून पक्षी पोत्यात कोंबून ठेवू नयेत. अन्नपिशवी लवकर काढून टाकावी आणि पक्षी हवा खेळेल असे एकेक करून टांगावेत किंवा पसरून ठेवावेत. एका पक्ष्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि खाण्याजोगे मांस मुख्यतः छातीचे असते. मटणाच्या मसाल्यात ते चांगले लागते, मात्र फार वेळ शिजवले तर चामड्यासारखे होते. अधिक पक्षी असतील तर ते गेम डीलरकडे, म्हणजे शिकारीचे पक्षी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, द्यावेत, आणि याची बोलणी आधीच करून ठेवावी.

१०. फेब्रुवारीतले रातथारे

तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्यांचा हंगाम १ फेब्रुवारीला संपतो. त्यापूर्वी जमीनमालक आपल्या रानात बंदुकीचा आवाज सहसा होऊ देत नाहीत, त्यानंतर मात्र संध्याकाळी रातथाऱ्यांवर बसण्याची परवानगी मिळते. अनेक परगण्यांत फेब्रुवारीतल्या शनिवारी एकाच वेळी सगळ्या रानांत माणसे बसवण्याची रीत आहे, आणि तिच्यामागचे तत्त्व पाचव्या पायरीचेच : एकच रान अडवले तर पक्षी शेजारच्या रानात झोपायला जातात.

दिवस मावळण्याच्या दोन तास आधी जागेवर असावे. रानात वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, जमिनीवर विष्ठा दाट पडलेली असते त्या झाडांजवळ, वर आकाशाची मोकळी खिडकी दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. कोण कुठे उभा आहे हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे आणि थांबण्याची वेळ घड्याळाने ठरलेली असली पाहिजे. अंधुक प्रकाशात स्टॉक डव्ह आणि घुबड दोन्हीही फसवतात. पंखावरची रेघ दिसेनाशी झाली की बंदूक रिकामी करावी.

११. नोंद आणि थांबण्याची वेळ

दर फेरीनंतर तारीख, शेत, वारा, पक्षी कोणत्या वेळी आले, किती पाडले, उठल्यावर कुठे गेले आणि त्या दिवशी इतर शेतांत कोणते बुजगावणे होते, एवढे लिहून शेतकऱ्याला एक प्रत द्यावी. दर तीन आठवड्यांनी पिंजऱ्याच्या आतल्या-बाहेरच्या पिकाची तुलना करावी. पाडलेल्या पक्ष्यांचा आकडा मोठा असूनही बाहेरचे पीक तसेच खुंटलेले दिसत असेल, तर पळवाटा उघड्या आहेत आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली पाहिजे. उलट चार-दोनच पक्षी मिळूनही पीक सावरले असेल, तर काम नीट चालले आहे.

मार्चमध्ये खोड उंचावू लागते, कळ्या वर येतात आणि पीक गुडघ्याच्या वर गेले की कबुतरांना त्यात उतरता येत नाही. तोपर्यंत उरलेल्या विरळ ठिगळांवरच लक्ष ठेवावे. ती ठिगळेही झाकली गेली की रेपसीडवरची जाळी, डिकॉय आणि गॅस गन काढून घ्यावीत, आणि शेतकऱ्याने नुकतेच वाटाणे कुठे पेरले आहेत ते विचारावे, कारण थवा आता तिकडे निघालेला असतो.